पोस्टग्रेस डेटाबेसचं एक्स्टेंशन (जोड-कोड) क्रॅश होतंय, व्हॅलग्रिंड (मेमरीतल्या चुका शोधणारं टूल) गप्प. मदत हवी आहे

निशाचर: सीमध्ये लिहिलेलं छोटं फंक्शन आहे. १०-१५ ओळींवर नीट चालतं, लाखभर ओळींवर सिग्नल ११ (चुकीच्या मेमरीला हात लावल्याची खूण) देऊन पडतं. व्हॅलग्रिंडखाली चालवलं तर काहीच सापडत नाही. दर वेळी टेस्ट सर्व्हरवर सगळ्यांची कनेक्शनं तुटतात आणि टीम माझ्या डेस्कपाशी येऊन उभी राहते. उद्या द्यायचंय, लवकर सांगा.

घाटमाथा: व्हर्जन? पॅकेजमधलं की सोर्सवरून बिल्ड केलेलं? कोड टाका, नाहीतर नुसते अंदाज होतील.

दर्याकाठ: मेमरीच्या सेटिंग्ज बदला: शेअर्ड बफर्स रॅमच्या २५ टक्के ठेवा, वर्क मेम कमी करा. आमचं तेवढ्याने थांबलं होतं.

घाटमाथा: अहो, मेमरी संपली तर कर्नल सिग्नल ९ देतो. ११ म्हणजे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चुकलाय.

निशाचर: १६, पॅकेजमधलं. कोड ऑफिसचा आहे, टाकता येणार नाही. पॅलॉकने (पोस्टग्रेसचं मेमरी घेणारं फंक्शन) एक लुकअप तक्ता बनवतो, एवढंच.

स्टॅकवाला: अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावा, तोही मेमरीच्या चुका पकडतो. वेळ साधारण दुप्पट लागतो, व्हॅलग्रिंडला वीस-तीस पट.

घाटमाथा: वेगाचा प्रश्नच नाही. पॅलॉक मॅलॉककडून (सीचं नेहमीचं मेमरी घेणारं फंक्शन) मोठा ब्लॉक घेऊन त्यातले तुकडे देतो. तुकडा सोडला तरी ब्लॉक तिथेच, म्हणून व्हॅलग्रिंडला सगळं आलबेल वाटतं. त्याच्यासाठीच्या खुणा पोस्टग्रेसच्या कोडमध्ये आहेत, पण यूज_व्हॅलग्रिंड डिफाइन करून बिल्ड केलं तरच कामाला येतात. सोबत इनेबल-कॅसर्ट (जादा तपासण्या चालू करणारा बिल्डचा पर्याय) द्या.

स्टॅकवाला: मान्य, पण स्टॅकवरच्या अ‍ॅरेबाहेर लिहिलेलं व्हॅलग्रिंडला दिसत नाही. माझे चार दिवस त्यातच गेले होते.

गंजमुक्त: रस्ट भाषेत पीजीआरएक्स (पोस्टग्रेस एक्स्टेंशनसाठीची लायब्ररी) वापरून लिहा, ही भानगडच राहणार नाही.

निशाचर: उद्यापर्यंत रस्ट शिकू? कॅसर्टने बिल्ड केलं, आता दुसऱ्याच ओळीला पडतंय! जीडीबीत (डीबगरमध्ये) तक्त्यात सगळीकडे ७एफ ७एफ ७एफ.

घाटमाथा: सापडलं! सोडलेल्या मेमरीत कॅसर्ट बिल्ड ७एफ भरतं. तक्त्याचा पॉइंटर कुठे ठेवता?

निशाचर: एफएन_एक्स्ट्रामध्ये (पुढच्या कॉलसाठी जपून ठेवायची फंक्शनची जागा). पहिल्या कॉलला बनवतो, पुढे तोच.

घाटमाथा: हे आधी सांगायला हवं होतं. पॉइंटर क्वेरी संपेपर्यंत राहतो, पण तक्ता चालू मेमरी कॉन्टेक्स्टमध्ये (एकदमच सोडल्या जाणाऱ्या मेमरीच्या गटात) आहे आणि तो दर ओळीला रिसेट होतो. मेमरीकॉन्टेक्स्टअ‍ॅलॉकने एफएन_एमसीएक्सटीमध्ये, म्हणजे पॉइंटरइतकाच टिकणाऱ्या कॉन्टेक्स्टमध्ये, बनवा.

निशाचर: लाखभर ओळी पार! मनापासून आभार. व्हॅलग्रिंड आता वेगळंच दाखवतोय: टेक्स्टवर (पोस्टग्रेसचा मजकुराचा प्रकार) स्ट्रलेन (लांबी मोजणारं फंक्शन) लावलेल्या ओळीत हद्दीबाहेर वाचतोय म्हणे.

घाटमाथा: टेक्स्टच्या शेवटी शून्य बाइट नसतो, आणि स्ट्रलेन तो सापडेपर्यंत वाचत जातो. आधी टेक्स्ट_टू_सीस्ट्रिंग करा.