रात्री डोळे जळतात, आणि स्क्रीन पिवळी केली की रंग चुकतात

मिरजकर_डीटीपी

नमस्कार मंडळी. प्रश्न लहानच आहे, पण आधी काय घडलं ते सांगतो, नाहीतर पहिल्याच उत्तरात कुणीतरी ‘नाइट लाइट लावा’ म्हणेल (रात्री स्क्रीन पिवळी करायची विंडोजची सोय).

मिरजेत घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारसं, मधेच फ्लेक्स. तुळशीचं लग्न लागलं की रात्री एक-दीडपर्यंत बसायचं हे ठरलेलं. यंदा एका पार्टीने नात्यातल्या लग्नाची जुनी पत्रिका आणून दिली. हळदीचा रंग, त्यावर क्रीम पट्टा. ‘दादा, रंग अगदी हाच पाहिजे.’ रात्री साडेअकराला ती पत्रिका ट्यूबखाली धरली आणि स्क्रीनशी ताडून बघितली. स्क्रीनवर हळद नारिंगीकडे गेलेली. म्हणून मॅजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, ३० टक्क्यांची १२ केली. क्रीम पट्टा तर कढीसारखा पिवळा दिसत होता, त्यातला यलो, म्हणजे पिवळी शाई, १५ वरून ५ वर आणला. आता जुळलं. जेपीजी काढून पार्टीला व्हॉट्सॲपवर टाकलं. सकाळी त्यांचा मेसेज, ‘जरा लिंबासारखा वाटतोय का?’ मी ठोकून दिलं, ‘मोबाइलवर तसंच दिसतं, छापून आल्यावर बघा.’

छापून आल्यावर बघितलं. ४०० पत्रिका, ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड, रंग पिकल्या लिंबाचा आणि क्रीम पट्टा पांढराफटक. घाईत प्रूफही, म्हणजे आधी एक नमुना छापून, काढलं नव्हतं. जुन्या आकड्यांवर परत छापून दिल्या, पदरच्या पैशाने.

कारण दोन दिवसांनी कळलं. मुलगी दहावीला आहे, संध्याकाळी याच कॉम्प्युटरवर क्लासचे व्हिडिओ बघते. डोळे चुरचुरतात म्हणून तिने विंडोजचं नाइट लाइट सूर्यास्त ते सूर्योदय असं लावून ठेवलेलं. दिवसा सगळं ठीक, दिवेलागण झाली की स्क्रीन पिवळी. तीन आठवडे मला पत्ता नाही, २२ वर्षं रंगात काम करून. तिला तरी काय बोलणार, रात्री डोळे माझेही जळतात.

आता नाइट लाइट बंद केलंय. पण मॉनिटर सेकंडहॅण्ड आहे, २२ इंची, खालची बटणं दाबून दाबून मेलीत, चालू-बंदचं तेवढं जिवंत. उजेड १०० वर अडकलाय. विंडोजमध्ये उजेडाची पट्टीच दिसत नाही. फुकटातलं एक डिमर, म्हणजे स्क्रीन अंधारी करणारा प्रोग्रॅम, टाकून पाहिलं, तर गॉगल लावल्यासारखं सगळं मळकट, आणि खोलीत अंधार केला की काळा भाग राखाडी चमकतोच.

तर उजेड खरोखर कमी करणारं काही आहे का? आणि मुलीला रात्री पिवळी स्क्रीन, मला कोरलमध्ये (डिझाइनचा प्रोग्रॅम) खरा रंग, हे एकाच मशीनवर जमेल का? विंडोज १० आहे. मॉनिटर बदला म्हणू नका, सीझन संपल्यावर बघू.

खटपट्या

दादा, पार्टीचा मोबाइल खरं बोलत होता! नाइट लाइटचा पिवळेपणा फाइलमध्ये नसतो. ग्राफिक्स कार्डातून चित्र बाहेर पडताना अगदी शेवटी तो चढतो. म्हणून जेपीजीत येत नाही आणि स्क्रीनशॉटमध्येही येत नाही. पुढे कधी शंका आली तर स्क्रीनशॉट मोबाइलवर पाठवून शेजारी धरून बघा.

डिमरचं असं की तो फक्त चित्र काळपट करतो. मागचा एलईडी पूर्ण जळतच असतो, म्हणून काळा राखाडी दिसतो. तुम्हाला मॉनिटरचा स्वतःचाच उजेड कमी करायचाय, आणि तो केबलमधून करता येतो. त्या बोलीला डीडीसी/सीआय म्हणतात, बहुतेक मॉनिटरना ती कळते. ट्विंकल ट्रे किंवा मॉनिटोरियन, दोन्ही फुकट आहेत, कुठलंही एक टाका. घड्याळाशेजारी पट्टी येते, ती ओढली की बटण दाबल्यासारखाच उजेड उतरतो. विंडोजची पट्टी लॅपटॉपच्या स्क्रीनसाठी असते म्हणून तुम्हाला दिसत नाही. मी लिनक्सवाला, माझं काम एका ओळीत होतं: डीडीसीयुटिल, सेटव्हीसीपी, १०, ४०. त्यातला १० म्हणजे उजेडाचा सांकेतिक आकडा, ४० म्हणजे किती ठेवायचा तो.

एक धोका आहे. मधे एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर असेल तर ही बोली बऱ्याचदा त्यातून पलीकडे जातच नाही.

पिवळेपणासाठी नाइट लाइटऐवजी एफलक्स वापरा. विंडोजला ही सोय २०१७ मध्ये आली, एफलक्स २००९ पासून आहे. त्यात ‘या प्रोग्रॅमपुरतं बंद’ असं सांगता येतं. कोरल समोर असलं की खरा रंग, ब्राउझर समोर आला की पिवळा. फक्त नाइट लाइट बंदच ठेवा, नाहीतर दोन्ही एकावर एक चढतील.

शाईचे_हात

मी कोल्हापुरात एका ऑफसेट प्रेसमध्ये १४ वर्षं प्लेटच्या आधीचं काम बघत होते. दादा, सॉफ्टवेअर टाका, पण तुमची चूक सॉफ्टवेअरच्या आधीची आहे. हातातला कागद पांढऱ्या ट्यूबखाली आणि स्क्रीन पिवळी, असे दोन उजेड एकमेकांशी ताडलेत तुम्ही.

हळद नारिंगी का दिसली बघा. पिवळ्या रंगात निळा मुळातच नसतो, तेव्हा निळा काढून त्याचं काही बिघडत नाही. पण हे फिल्टर हिरवाही थोडा काढतात. हिरवा गेला की लालाचं पारडं जड, हळदीचा झेंडू. आणि क्रीम म्हणजे पांढऱ्यातून चिमूटभर निळा कमी. तिथे स्क्रीनच निळा खात असेल तर क्रीमची कढी होणारच. बरं, तासभर बसलं की डोळा त्या पिवळ्यालाच पांढरं धरतो. म्हणून तुम्हाला तीन आठवडे कळलं नाही, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

प्रेसमध्ये छापलेला ताव बघायला ५००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) दिवा ठरलेला असतो. तुमची ट्यूब कूल डेलाइट असेल तर ती साधारण ६५०० ची, बरीच निळसर. वेगळा दिवा नको घ्यायला. साडीच्या दुकानात बाई पदर घेऊन दाराशी येते ना, तेच करा. गिऱ्हाइकाचा नमुना सकाळी दहाला दाराशी सावलीत बघा, आकडे कागदावर लिहा आणि रात्री त्या आकड्यांवर काम करा. रात्री डोळ्याने मॅजेंटा हलवायचा नाही.

आणि एकदाच एक पट्टी छापून आणा. यलो १०० धरून मॅजेंटा ५, १०, १५ असा ४० पर्यंत, तुमच्या त्याच आर्ट कार्डावर, त्याच मशीनवर. एका तावाचा खर्च. नमुना त्या पट्टीशी लावायचा, स्क्रीनशी नाही.

उजेड किती ठेवायचा तेही सांगते. कोरं पान पूर्ण स्क्रीनवर उघडा, शेजारी कोरा कागद धरा, कागद आणि पान सारखेच उजळ दिसेपर्यंत पट्टी खाली ओढा. १०० वर काम केलं की फाइल गडद होत जाते आणि छपाई काळपट येते. तुमचे फोटो काळे येतात का? येत असणार.

चष्मेबहाद्दर

निळ्या प्रकाशाला फार घाबरू नका. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची मोठी संस्था, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, कॉम्प्युटरसाठी ते निळा अडवणारे चष्मे घ्या असं सांगत नाही. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात, डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो. त्यात तुमचा उजेड १०० वर. आणि २२ वर्षं दुकान म्हणजे दादा, चाळिशी लागलीय का तेही एकदा तपासून घ्या.

मिरजकर_डीटीपी

चाळिशी लागलीय. चष्मा ड्रॉवरमध्ये आहे. असो.

ट्विंकल ट्रे टाकलं, मॉनिटरचं नावच येईना. मागे वाकून बघतो तर खटपट्या म्हणाले तोच कन्व्हर्टर, विकणाऱ्याने दिलेला. शेजारीच मॉनिटरला एचडीएमआयचं भोक, चार वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. टीव्हीच्या डिश बॉक्सची केबल काढून लावली, मॉनिटरने आपणहून ओळखली हे नशीब, नाहीतर बटणाशिवाय सोर्स कसा बदलणार होतो. उजेडाची पट्टी आली. कागद धरून उतरवत गेलो तो ३८ वर थांबलो. पहिल्या रात्री फारच अंधारं वाटलं, दुसऱ्या रात्री काही नाही.

एफलक्सला कोरल सांगितलं, बरोबर चालतंय. पण पीडीएफ उघडली की ती पिवळी, कारण तो प्रोग्रॅम वेगळा. फोटो बघायचाही वेगळा. तिन्ही एकेक करून सांगावे लागले. मुलीचा ब्राउझर पिवळा राहतो, ती खूश.

ताई, फोटो काळे येतात. मी आजवर मशीनवाल्याला बोलत होतो.

पट्टीही छापून आणली, काल सकाळी दाराशी जुनी पत्रिका लावून बघितली. मॅजेंटा २५ जुळतो. म्हणजे माझा मूळचा ३० देखील अंदाजच होता, दुसऱ्या खेपेच्या पत्रिका पार्टीने चालवून घेतल्या इतकंच.

केबल बाजारातून आणायची राहिलीय. तीन दिवस टीव्ही बंद आहे आणि आई माझ्याशी बोलत नाहीये.