समान काम, समान वेतन: पाठिंब्याच्या पत्रकानं कुणाचा पगार वाढतो?

घाटपायथा

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या (एनएचएम) कंत्राटी कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये संप केला, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा केला. आमच्या जिल्ह्यात दोन्ही वेळा कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनेचं पत्रक व्हॉट्सॲपवर फिरलं. 'जाहीर पाठिंबा', खाली शिक्का आणि अध्यक्षांची सही. मंडपात येऊन एक फोटो. संपला विषय.

कुठल्याही उपकेंद्रात जाऊन बघा. एक कायम आरोग्यसेविका, एक कंत्राटी. लसीकरणाचं सत्र दोघींचं, गरोदर मातांची नोंदणी दोघींची, पोर्टलवर आकडे भरायची धावपळही दोघींचीच. पहिलीची वेतनश्रेणी २५,५०० पासून सुरू, वर महागाई भत्ता, घरभाडं, रजा. दुसरीला जाहिरातीत ठोक १८,००० मानधन. स्टाफ नर्सचं तेच: कायम असेल तर मूळ वेतनच ३५,४००, एनएचएमच्या जाहिरातीत २०,०००.

सर्वोच्च न्यायालयानं २६ ऑक्टोबर २०१६ ला पंजाब सरकार विरुद्ध जगजितसिंग या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की कायम कर्मचाऱ्याचंच काम करणाऱ्या हंगामी माणसाला त्या पदाच्या वेतनश्रेणीचं किमान वेतन मिळालं पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच. कायम संघटनांनी ही मागणी स्वतःच्या मागणीपत्रकात घ्यावी, जुन्या पेन्शनच्या शेजारी. ते जमत नसेल तर पत्रकाचा कागद वाचवावा.

तयारीवाला

मी चार वर्षं जिल्हा परिषद भरतीचा अभ्यास करतोय, म्हणून कडू बोललो तर समजून घ्या. एनएचएमची भरती होते कशी? थेट मुलाखत, नाहीतर मार्कांची यादी. आम्ही लाखोंच्या गर्दीत परीक्षा द्यायची, आणि १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं दहा वर्षं झालेल्यांसाठी ३० टक्के जागा समायोजनाला, म्हणजे कंत्राटी माणसाला कायम पदावर घ्यायला. त्या जागा कुणाच्या वाट्यातून गेल्या? 'समान काम' म्हणताना 'समान परीक्षा' कुठे गेली?

बिनपगारी

तयारीवाला, कुठली परीक्षा? २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड चे पेपर फुटले, ती? गुणवत्तेच्या गोष्टी जरा जपून.

तयारीवाला

पेपर फुटला त्यात पोळलो तर आम्हीच. ते उदाहरण माझ्या विरोधात कसं जातं ते सांगा.

परिचारिका सोलापूरकर

मी कायम आहे, संघटनेची सभासद आहे. धागाकर्त्याचा सूर पटला नाही. ऑक्टोबर २०२३ च्या संपात त्यांच्या ड्युट्या कुणी केल्या? आम्हीच. रजा रद्द, सलग नाइट. त्याचं कुणी पत्रक काढलं नाही.

आणि संघटना म्हणजे काही धर्मादाय संस्था नव्हे. वर्गणी कायम कर्मचारी भरतात. आमच्या संघटनेच्या घटनेत सभासद फक्त नियमित कर्मचारी, असं लिहिलेलं आहे. आमची पदोन्नती रखडलेली, एकेका वॉर्डात चाळीस चाळीस पेशंट एका सिस्टरवर. आधी आमचं बघू की नको?

घाटपायथा

ताई, मार्च २०२३ आठवा. १४ ते २० तारीख, जुन्या पेन्शनसाठी तुमचा संप. तेव्हा वॉर्ड कुणी चालवले?

कंत्राटी सिस्टर

मी सांगते. आम्ही. वरून तोंडी निरोप होता की गैरहजर राहिलात तर करार वाढणार नाही. सकाळी गेटवर कायमच्या मैत्रिणी घोषणा देत होत्या आणि आम्ही मान खाली घालून आत जात होतो. त्यांच्याकडे बघायचीही लाज वाटत होती. पण दरवर्षी करार संपतो, एका दिवसाचा खंड पडतो आणि पुन्हा सही करावी लागते, अशी नोकरी असलेल्या बाईनं काय करायचं?

सोलापूरकर ताई, ड्युट्या तुम्ही केल्या हे खरंच. पण यात दोघींचा संप फोडायला सरकारला बाहेरून माणूस आणावा लागला नाही. तुमच्या संपात आम्ही, आमच्या संपात तुम्ही.

परिचारिका सोलापूरकर

हे खरं आहे. पण यावर उत्तर आमच्या हातात आहे असं मला अजून वाटत नाही.

बांधावरून

तुमचं आपसातलं ठरेल तेव्हा ठरेल. पावसाळ्यात संप झाला की आमच्या गावात उपकेंद्राला कुलूप. जवळचं प्रायव्हेट वीस किलोमीटरवर. सगळ्या संघटनांना एकच विचारतो, संपाची तारीख ठरवताना पेशंटला कुणी विचारतं का? शहरातल्या माणसाला पर्याय असतो.

कंत्राटी सिस्टर

दादा, निवेदनं, काळ्या फिती, लेखणी बंद, सगळं आधी करून झालेलं असतं. त्याची बातमी होत नाही.

बांधावरून

मान्य. पण तुमची बातमी व्हावी म्हणून माझ्या सुनेची तपासणी चुकते.

कोर्टकचेरी

वकील म्हणून दोन गोष्टी. धाग्यात वेतन आणि कायमपण यांची खिचडी झाली आहे. समायोजन म्हणजे पद मिळणं. तिथे सर्वोच्च न्यायालयाचा उमादेवी निकाल (२००६) आडवा येतो: रीतसर निवड न झालेल्यांना कायम करणं हा हक्क नाही. जगजितसिंग निकाल पद देत नाही, फक्त किमान वेतन देतो, वार्षिक वेतनवाढही देत नाही. म्हणजे समान वेतन मागितल्यानं तयारीवाल्यांची एकही जागा जात नाही. उलट कंत्राटी माणूस स्वस्त पडेनासा झाला की कायम पद रिकामं ठेवण्यात सरकारचा फायदाही उरत नाही.

दुसरं म्हणजे, काम समान आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच निकालानं मागणाऱ्यावर टाकली आहे. नुसतं पदाचं नाव सारखं असून चालत नाही, जबाबदारी आणि पात्रताही जुळावी लागते. पुरावा कुठून येणार? ड्युटी लिस्ट, अहवाल, रजिस्टर. आणि शेजारी काम करणाऱ्या कायम सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र: "आम्ही दोघी एकच काम करतो." हे प्रतिज्ञापत्र द्यायला कुणी पुढे येत नाही. ते देणाऱ्याच्या मागे संघटना उभी राहणार असेल तर त्याला मी पाठिंबा म्हणेन.

हिशेबनीस

पैशाचं कुणी बोलतच नाही. एनएचएमचा खर्च केंद्र ६०, राज्य ४०. दरवर्षी आराखडा दिल्लीतून मंजूर होतो. राज्यानं ठरवलं म्हणून पगार वाढत नाही. शिवाय प्रत्येकाला समकक्ष पद कुठे आहे? समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचंच घ्या: २५,००० आणि कामगिरीवर १५,००० पर्यंत. त्याची तुलना कुणाशी करणार? सगळ्यांना एका ओळीत उभं केलं की खटला पहिल्याच तारखेला कोसळतो.

कोर्टकचेरी

समकक्ष पदाचा मुद्दा बरोबर. म्हणून आधी आरोग्यसेविका, स्टाफ नर्स, औषधनिर्माता, लॅब टेक्निशियन एवढ्यांचंच मांडावं. पैसे नाहीत या कारणावर मात्र माझा विश्वास नाही. काम करून घेताना ते कारण आठवत नाही.

टेम्सकाठी

इंग्लंडमधलं थोडं. कार्लाईलच्या हॉस्पिटलातल्या नर्स, सफाई कामगार अशा बायकांनी १९९७ मध्ये समान वेतनाचा दावा लावला, युनिसन ही संघटना त्यांच्या पाठीशी होती, २००५ मध्ये मोठी तडजोड झाली. आठ वर्षं लढायला पैसा लागतो, तो वर्गणीतून येतो. पण उलटंही घडलं. मिडल्सबरो नगरपालिकेच्या प्रकरणात जीएमबी संघटनेनं आधीपासून जास्त मिळवणाऱ्यांचा पगार सांभाळण्यासाठी बायकांच्या थकबाकीवर पाणी सोडलं, तेव्हा त्या बायकांनी आपल्याच संघटनेवर दावा केला आणि जिंकला. संघटना आपली आहे म्हणून ती आपल्या बाजूनं असेलच, हे गृहीत धरू नका.

बिनपगारी

म्हणूनच म्हणतो, कायमवाल्यांची वाट बघू नका. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ ही कंत्राटी कामगारांचीच संघटना होती. २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा हक्क त्यांनी एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळवला. आणि गावोगावच्या आशा सेविकांना तर सरकार अजून कामगारच म्हणत नाही, मोबदला म्हणतं. त्यांच्या पाठीशी कुठली कायम संघटना जाणार? समकक्ष पदच नाही.

परिचारिका सोलापूरकर

प्रतिज्ञापत्राचं डोक्यात राहिलं. ते मी देऊ शकते, त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. मागणीपत्रकाचा ठराव मात्र जिल्हा कार्यकारिणीत पडेल, खोटं कशाला बोलू. "उद्या हे आपल्या ज्येष्ठता यादीत घुसतील" ही भीती आमच्याकडे फार खोल आहे.

कंत्राटी सिस्टर

ताई, ज्येष्ठता यादी नको. पगार हवा.

घाटपायथा

मग मसुदा मी लिहितो. चार पदं, किमान वेतन, बस्स. समायोजनाचा एक शब्द नाही.

तयारीवाला

असा असेल तर पाठवा, माझीही सही घ्या. फक्त नंतर 'समायोजन' खालून घुसवलंत तर त्याविरुद्ध कोर्टात पहिला अर्ज माझा असेल.