मदत हवी आहे: टोल्युइनमधील पॉलिस्टायरीनचे जेल नेमके कसे बनते?

सिंडिओटॅक्टिक पॉलिस्टायरीन (साखळीवरचे बाजूचे गट आलटून-पालटून विरुद्ध बाजूंना असलेला पॉलिमर) टोल्युइन या द्रावकात गरम करून विरघळवले आणि द्रावण थंड होऊ दिले, की त्याचे जेल बनते व तापवल्यास ते पुन्हा वितळते. म्हणजे डायव्हिनिल बेंझीनने (साखळ्या कायमच्या जोडणाऱ्या रसायनाने) जोडलेल्या जाळ्यात असतात तशा सहसंयुज बंधांच्या गाठी (साखळ्या एकमेकींना जोडणाऱ्या जागा) येथे नाहीत, एवढे स्पष्ट आहे. टोल्युइनचे रेणू साखळ्यांमधल्या पोकळ्यांत बसून संयुक्त स्फटिक तयार होतात, हेही ठाऊक आहे. माझी अडचण त्यापुढची आहे: द्रावणाचे आधी पॉलिमरने दाट व विरळ असे दोन भाग होऊन मग स्फटिक ते जाळे पक्के करतात, की स्फटिकच थेट गाठी बांधतात, हे प्रयोगाने कसे ओळखावे? उष्मामापनातला वितळण्याचा उंचवटा दोन्ही मार्गांत दिसणार, त्यामुळे तो एकटा पुरेसा वाटत नाही. थंड करण्याचा वेग बदलत प्रकाशाचे प्रकीर्णन (विखुरणे) मोजल्यास उलगडा होईल का?