मदत हवी आहे: वाई-सातारा भागात घोड्याचा जाणता नालबंद

मंडळी, वाई, पाचगणी किंवा साताऱ्याच्या आसपास घोड्याचं काम नीट जाणणारा नालबंद कुणाच्या माहितीत आहे का? बैलांना पत्री (खुराखालची लोखंडी पट्टी) मारणारे मिळतात, पण दुभंगलेला खूर वेगळा आणि घोड्याचा अखंड खूर वेगळा.

आमची घोडी वरातीला जाते, सगळं चालणं डांबरावर. गेल्या वेळी नाल ठोकल्यापासून पुढच्या डाव्या पायाने लंगडते, वळताना जास्तच. खूर हाताला गरम लागतो. बाहेरच्या बाजूच्या एका खिळ्यापाशी दाबलं की पाय झटकन ओढून घेते. खिळा आतल्या जिवंत भागाला लागलाय असं मला वाटतं. ठोकणारे म्हणाले, "चालून चालून बसेल." मला नाही पटत. शिवाय खुराचं टोक लांबच ठेवलंय, म्हणजे पायाच्या मागच्या बाजूच्या शिरांवर (कंडरांवर) ताण. धनुर्वाताची लस दिलेली आहे.

डॉक्टर येईपर्यंत तेवढा एक खिळा काढावा, की पायाला हातच लावू नये? शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी घोडा नेलाय का? लंगडत्या जनावराला टेम्पोतून खंबाटकी घाट ओलांडून न्यायचं जिवावर येतंय. नालबंद घरी येणारा असेल तर उत्तम, जाण्यायेण्याचा खर्च देऊ. लग्नाच्या सुपाऱ्या तूर्त बंद ठेवल्यात.