गव्हाला ४२ अंशांचा ताण दिला, तरी एचएसपी जनुकं थंडच?

पिपेट_पुणे: एचएसपी म्हणजे उष्णतेत इतर प्रथिनांना सांभाळणारी प्रथिनं; त्यांची जनुकं तापतात का ते बघत होतो. गव्हाची दहा दिवसांची रोपं २२ अंशांवरून थेट ४२ वर नेली, २४ तासांनी पानं घेतली. क्यूपीसीआरमध्ये (जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) एचएसपी७० आणि एचएसपी१०१ जेमतेम दीडपट. तुलनेसाठी स्थिर मानलेलं संदर्भ जनुक ॲक्टिन. ताण कमी पडला, की नमुन्यात घोळ आहे?

ओंबी: ताण वेळेवर पोचला, तुम्ही उशिरा पोचलात. एरवी एचएसएफए१ला (एचएसपी जनुकं चालू करणारं एचएसएफ प्रथिन) एचएसपी७० आणि एचएसपी९० धरून बसलेली असतात. तापमान चढलं की प्रथिनांची घडी बिघडते, ही दोघं तिकडे धावतात आणि एचएसएफ मोकळं होतं. तीन-तीनचे गट करून ते केंद्रकात जातं, जनुकाच्या प्रवर्तकातल्या (चालू-बंद करणाऱ्या भागातल्या) उष्णता-घटकांना, म्हणजे ठरावीक डीएनए-खुणांना, चिकटतं आणि जनुक चालू होतं. एचएसपी पुरेशी साठली की तीच एचएसएफला पुन्हा आवरतात. म्हणून आरएनए साधारण पहिल्या एक-दोन तासांत कळस गाठून ओसरतो. प्रथिन मात्र टिकतं, २४ तासांनी वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन मोजणारी चाचणी) करा. आरएनएसाठी ०, ३० मिनिटं, १, ३, ६, २४ तास असे नमुने घ्या आणि प्रत्येक वेळेला २२ अंशांवरचं स्वतंत्र कंट्रोल ठेवा, कारण यातली बरीच जनुकं दिवस-रात्रीच्या लयीवरही हलतात. पान तोडलं की थेट द्रव नायट्रोजनमध्ये. ट्रेमध्ये पाच मिनिटं पडलं तर जखमेचा प्रतिसाद मोजाल.

सहागुणी: एकट्या ॲक्टिनवर विसंबू नका, उष्णतेत ते हलू शकतं. दोन-तीन संदर्भ जनुकं तपासून घ्या. शिवाय गव्हात ए, बी, डी अशा तिन्ही जीनोमांतून आलेल्या जनुकाच्या प्रती आहेत. एकच हवी असेल तर प्रायमरचं (क्यूपीसीआर सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्याचं) ३' टोक प्रतींमधल्या फरकाच्या बेसवर आणा. वितळणरेषेवर (क्यूपीसीआरनंतर डीएनए तापवून काढलेला आलेख) एकच शिखर आलं म्हणून प्रत एकच, असं नसतं. लहान एचएसपींच्या बऱ्याच जनुकांत इंट्रॉन (आरएनएतून कापला जाणारा भाग) नसतो, म्हणून नमुन्यात राहिलेला डीएनए वेगळा ओळखता येत नाही; तेव्हा डीएनेझ (डीएनए तोडणारं विकर) आणि आरटी-विरहित कंट्रोल (आरएनएचं डीएनए न करता चालवलेला नमुना) हवंच.

पिपेट_पुणे: एचएसपीच्या याच आलेखावरून उष्णता सोसणारे वाण निवडता येतील?

ओंबी: मला नाही पटत. शेतात मार खातो तो भरणारा दाणा: २५ अंशांपुढे विद्राव्य स्टार्च सिंथेझ (दाण्यात स्टार्च बनवणारं विकर) मंदावतं. पानात रुबिस्को ॲक्टिव्हेझ (कार्बन पकडणाऱ्या रुबिस्को विकराला चालू ठेवणारं प्रथिन) आधी ढासळतं. गव्हात त्याच्या १५९व्या जागी मेथिओनीनऐवजी आयसोल्युसीन घातलं, तर परीक्षानळीत अनुकूल तापमान ५ अंशांनी वर जातं. वाण चाळायचे तर फुलोऱ्यानंतर ताण द्या आणि हजार दाण्यांचं वजन घ्या. पानाचं तापमान इन्फ्रारेडने मोजा, कारण कोरड्या हवेत भरपूर पाणी दिलेलं पान चेंबरपेक्षा काही अंश थंड राहतं.