शेवटचा नाही, पहिला एरर टाका

लिनक्सवर सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बनवताना (बिल्ड) मेक, म्हणजे बिल्डची कामं चालवणारं टूल, का अडतं असं तुम्ही विचारलंय, पण वर फक्त शेवटच्या दोन ओळी टाकल्यात, 'मेक एरर २' वाल्या, त्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही कारण ती ओळ एवढंच म्हणते की आत कुठेतरी फसलं. खरा एरर बराच वर असतो आणि तुम्ही मेकला मायनस जे ८ (-j8) देऊन बिल्ड चालवताय म्हणजे आठ कामं एकदम चालू, सगळ्यांचं आउटपुट एकमेकांत मिसळतं. आधी मायनस जे १ देऊन परत चालवा, आउटपुट फाईलमध्ये घ्या आणि 'एरर' शब्द पहिल्यांदा कुठे येतो ते बघा.

बहुतेक वेळा तिथे कुठलीतरी हेडर फाईल (लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, काय काय आहे ते कंपायलरला सांगणारी फाईल) सापडत नाही असं निघतं. लायब्ररी तर इन्स्टॉल आहे की, असं वाटतं, पण डेबियन-उबुंटूवर हेडर वेगळ्या पॅकेजात असतात, नावाच्या शेवटी डेव्ह (-dev) असलेल्या, फेडोरावर डेव्हेल (-devel). नेमकं कुठलं ते डेबियन-उबुंटूवर एपीटी-फाईलने (apt-file, कुठली फाईल कुठल्या पॅकेजात आहे ते सांगणारी कमांड) शोधता येतं. ते टाकल्यावर कॉन्फिगर (बिल्डआधी सिस्टम तपासणारी स्क्रिप्ट) परत चालवाच, आणि त्याऐवजी सीमेक (तेच काम करणारं टूल) असेल तर जुनी बिल्ड डिरेक्टरी सरळ उडवा, जुना कॅश (आधीच्या तपासणीचे साठवलेले निकाल) फार छळतो, माझे पूर्ण दोन दिवस त्यात गेलेत.

सोर्स जुना असेल आणि 'मल्टिपल डेफिनिशन' दिसलं तर जीसीसी (सी कंपायलर) १० पासून (२०२०) डीफॉल्ट बदललाय, एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाईलींत असलं तर आता चालत नाही, सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायचे पर्याय) मायनस एफकॉमन (-fcommon) देऊन बघा. नुसतं 'किल्ड' आलं तर बहुधा रॅम संपलीये, डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) दिसेल, कोडमध्ये शोधत बसू नका.

कॉन्फिगरच अडत असेल तर कॉन्फिग डॉट लॉग (config.log, कॉन्फिगर आपली नोंद ठेवतं ती फाईल) इथे टाका, बघतो.