एक्स्टर्नल डिस्कवर ‘सायक्लिक रिडंडन्सी’ एरर येतोय, चेकडिस्क चालवू का?

जुनेअंक_इंदूर
नमस्कार मंडळी. इथल्या एका मंडळाच्या हस्तलिखित अंकांचे आणि इतिवृत्तांचे स्कॅन 2 टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर आहेत. 1.1 टीबी माल, बहुतेक टिफ, थोडे जेपेग. दुसरी प्रत नाही. फोल्डर उघडायला दोन-तीन मिनिटं लागतात, काही फायली कॉपी करताना ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ (डेटा नीट वाचता आला नाही अशी चूक) येऊन काम थांबतं. डिस्क जोडली की विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारतो. जेल रोडवरच्या एका दुकानात चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवून देतो म्हणाले. क्रिस्टलडिस्कइन्फोत (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळा रंग आहे: 05 शून्य, सी5 आणि सी6 दोन्हींत 1ए8, सी7 शून्य. काय करावं?

सेक्टरवाला
आधी डिस्क काढून ठेवा. चेकडिस्क नको, ‘स्कॅन अँड फिक्स’ही नको, ते चेकडिस्कचंच गोड नाव आहे.

तुमचे आकडे बघू. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा सर्वांत छोटा तुकडा. 05 म्हणजे बदली झालेले सेक्टर, सी5 वाचता न आल्याने टांगलेले, सी6 दुरुस्त न होणारे, सी7 देवाणघेवाणीतल्या चुका. क्रिस्टलडिस्कइन्फो ‘रॉ’ किंमत हेक्समध्ये (16 च्या पायावर) दाखवतो, म्हणजे 1ए8 = 424. आत सेक्टर 4096 बाइटचा असतो, पण बऱ्याच ड्राइव्ह मोजणी 512 च्या हिशेबाने करतात. 424 भागिले 8 म्हणजे साधारण 53 सेक्टर वाचता येत नाहीयेत. सी7 शून्य आहे, म्हणजे डिस्क आणि तिच्या सर्किटमधल्या देवाणघेवाणीत खोट दिसत नाही.

05 शून्य आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. प्रत्येक सेक्टरबरोबर चूक दुरुस्त करायचा कोड लिहिलेला असतो. त्यानेही भागलं नाही की ड्राइव्ह तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघते. तुमची दोन-तीन मिनिटं तिथेच जातात. तरीही जमलं नाही तर ती जागा सी5 मध्ये टांगून ठेवते. राखीव सेक्टरवर बदली होते ती तिथे पुढचं काही *लिहिलं* गेल्यावरच. तुम्ही नुसतं वाचताय, म्हणून 05 हलत नाही.

आता चेकडिस्क. त्याला तुमच्या स्कॅनशी देणंघेणं नाही, फाइल सिस्टिमचा हिशेब जुळला की त्याचं काम झालं. ज्या फायलीची नोंद वाचता येत नाही तिचे तुकडे तो ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात टाकतो, नावं गेलेली. आणि हे सगळं मूळ डिस्कवरच लिहितो. ‘आर’चा स्विच लावला तर अख्खी डिस्क वाचून काढतो, म्हणजे मरायला टेकलेल्या हेडला (डिस्क वाचणाऱ्या भागाला) पाच-सहा तास पिदडायचं आणि हाती एकही प्रत नाही.

मांडवी_बडोदा
अगदी बरोबर. नेहमीची कॉपी-पेस्टही थांबवा, ती अडलेल्या फायलीवरच डोकं आपटत बसते. डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून प्रत काढणारं सॉफ्टवेअर) वापरा: जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडचणीची जागा मागे ठेवतं.

लागेल काय: 4 टीबीची नवी डिस्क (2 टीबीची प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत एकाच फायलीत, आणि त्यातून काढलेल्या 1.1 टीबी फायली दोन्ही मावल्या पाहिजेत), आणि सिस्टिमरेस्क्यूचा (पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स सिस्टिम) पेन ड्राइव्ह. तो डिस्क आपणहून माउंट करत (वापरायला उघडत) नाही. विंडोज करतो आणि वर काहीबाही लिहितोही. नवी डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

1. ‘एलएसबीएलके’ (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून आकार आणि सिरियल नंबर बघा, कोणती डिस्क कोणती ते कागदावर लिहा. आज्ञेत क्रम असा: आधी स्रोत, मग प्रतिमा, शेवटी मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद). स्रोत आणि लक्ष्य उलटं झालं तर खेळ खलास.
2. मॅपफाइल नव्या डिस्कवरच ठेवा. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या सिस्टिमच्या डेस्कटॉपवर ठेवली तर ती रॅममध्ये असते. वीज गेली की गेली.
3. पहिली फेरी ‘डी’ (थेट डिस्कवरून वाचणं) आणि ‘एन’ (अडलेल्या जागा खरवडत न बसणं) स्विच लावून. सेकंदाला 100 एमबी मिळाले तर साडेपाच तास, अडलं तर बरेच जास्त.
4. मग तीच आज्ञा, तीच मॅपफाइल, ‘एन’च्या जागी ‘आर3’. उरलेल्या जागांवर आणखी तीन फेऱ्या होतात.

मधे कंट्रोल-सीने थांबवता येतं, पुढे तिथूनच सुरू होतं. मे महिन्यात करत असाल तर डिस्कवर पंखा सोडा आणि 50 अंशांच्या वर गेली की विश्रांती द्या. केबल कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा. पुढच्या पोर्टाला कित्येकदा वीज अपुरी पडते.

नट_बोल्ट
एक भर. ठरावीक अंतराने टक-टक आवाज आला, किंवा डिस्क फिरायला लागून लगेच थांबली, तर वरचं काही करू नका. तो हेडचा बिघाड, स्वच्छ खोलीत काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडेच द्या. हेड प्लॅटरपासून (फिरणाऱ्या तबकडीपासून) काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कण त्याहून कितीतरी मोठा. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला आला तर मान डोलावून सोडून द्या. डब्बी फोडून थेट साटा केबल लावायचाही विचार नको: काही मॉडेलांत यूएसबी कनेक्टर डिस्कच्या सर्किटच्या पाटीवरच असतो, काहींत मधली चिप डेटा एन्क्रिप्ट करते.

जुनेअंक_इंदूर
आवाज काही नाही. समजा काही सेक्टर शेवटपर्यंत मिळाले नाहीत, तर कोणती फाइल खराब झाली हे कसं कळणार? हजारो पानं आहेत. आणि कपाटात ठेवायची प्रत एसएसडीवर घेऊ का? तिच्यात फिरणारा भाग नसतो ना.

सेक्टरवाला
चांगला प्रश्न, लोक इथेच सोडून देतात. प्रतिमेत न मिळालेल्या जागी नुसती शून्यं असतात, त्यामुळे फाइल उघडतेही आणि बिनचूक वाटते. डीडीरेस्क्यूत ‘फिल मोड’ आहे. एखादा वेगळाच शब्द लिहिलेली टेक्स्ट फाइल त्याला द्या. मॅपफाइल बघून तो फक्त खराब जागांवर तो शब्द भरतो. मग प्रतिमा फक्त वाचण्यापुरती माउंट करा आणि ‘ग्रेप’ने (फायलींत मजकूर शोधणारी आज्ञा) तो शब्द शोधा. ज्या फायलींत सापडेल त्या खराब, तेवढीच पानं पुन्हा स्कॅन करायची.

टिफ कॉम्प्रेस न केलेलं असेल तर नुकसान किरकोळ. 300 डीपीआयला ए4 ची एक ओळ सुमारे 2480 पिक्सेलची, रंगीत पिक्सेलला 3 बाइट; एक सेक्टर गेला तर 1365 पिक्सेल, म्हणजे अर्ध्या ओळीहून थोडं जास्त. जेपेगमध्ये मात्र त्या जागेपासून खालचं चित्र सरकतं, रंग फिरतात.

कपाटासाठी एसएसडी नको. तिच्यात डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो झिरपतो. जेडेक या चिप-उद्योगातल्या मानक संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीची अट आहे ती लिहिण्याचं आयुष्य संपल्यावर, बंद अवस्थेत, 30 अंशांवर एक वर्ष. नवी एसएसडी जास्त टिकेल, पण उष्णता वाढली की हा काळ घटतो, आणि इंदूरचं कपाट उन्हाळ्यात 30 वर राहत नाही.

दोन साध्या हार्ड डिस्क घ्या, शक्यतो वेगवेगळ्या बनावटीच्या. एक मंडळात, दुसरी कुणा सभासदाच्या घरी, एरवी दोन्ही पीसीपासून सुटलेल्या. जोडून ठेवलेली प्रत रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) मूळ फायलींबरोबरच लॉक करतो. तिसरी क्लाउडवर, पण ‘सिंक’ला बॅकअप समजू नका. इथे उडवलेली फाइल तिथेही उडते, आणि गूगल ड्राइव्हचा ट्रॅश 30 दिवसांनी रिकामा होतो. प्रत्येक फायलीचा एसएचए-256 हॅश (फायलीच्या मजकुरातून निघणारा आकड्यांचा ठसा) काढून यादी डिस्कबरोबर ठेवा आणि दर सहा महिन्यांनी जोडून पुन्हा ताळा करा.

मांडवी_बडोदा
यादी मात्र खराब पानं बदलून झाल्यावरच काढा. नाहीतर खराब फायलींचेच हॅश वर्षानुवर्षं ‘बरोबर’ येत राहतील.